स्कॅनर काढण्याआधी आइस्क्रीमचा फ्रीजर बघा

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या महाल भागात किराणा आणि डेली नीड्सचं दुकान. वडिलांनी उभं केलं, आता मुलगा बसतो. मागच्या वर्षी ३१ लाखांच्या आसपास विक्री झाली, यंदा ४२ लाखांपर्यंत जाईल असा अंदाज. त्यातले २४ लाख यूपीआयने, बाकी रोख. जीएसटी नंबर घेतलेला नाही. बंगळुरूकडच्या दुकानदारांना यूपीआयवरून नोटिसा आल्याचं ऐकल्यापासून वडील म्हणतात, स्कॅनर काढून फेक, आपलं रोखीचंच बरं. भाऊजी म्हणतात, यूपीआयवर आता चार्ज लागणार. त्यात शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं खातं बँकेने गोठवलं, म्हणून घरातले सगळेच धास्तावलेत. स्कॅनर काढावा का, आणि एकूणच हे यूपीआय फुकट राहणार का, असं मुलगा विचारतो. आणि शेवटी सहज एक ओळ टाकली आहे: "दुकानात आइस्क्रीमचा फ्रीजर आणि सिगारेटचं काउंटर पण आहे, पण ते किरकोळ."

भाऊ, सगळ्या प्रश्नात तेवढीच एक ओळ किरकोळ नाही. तिच्याकडे येतेच.

मी १९९८ पासून इतवारीत लहान व्यापाऱ्यांचे हिशेब आणि कराचे कागद सांभाळते. सुरुवात केली तेव्हा विक्रीकर होता. २००५ ला व्हॅट आला. २०१३ ला नागपुरातली जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, २०१५ मध्ये ५० कोटींच्या आतल्या सगळ्यांची एलबीटी गेली, २०१७ ला जीएसटी. दर वेळी शटरं पडली, दर वेळी कोणीतरी माझ्या टेबलासमोर बसून म्हणालं, "ताई, आता धंदा संपला." त्यातल्या बहुतेकांची दुकानं आजही उघडी आहेत. बंद पडली ती वेगळ्याच कारणांनी: भावाभावांची वाटणी, उधारी, मुलं पुण्याला गेली. म्हणून तुमच्या बाबांच्या भीतीला मी हसत नाही, पण ती चुकीच्या जागी लागली आहे असं माझं मत आहे.

आधी बंगळुरूचं. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने २०२१-२२ ते २०२४-२५ या वर्षांतला यूपीआयचा डेटा पेमेंट कंपन्यांकडून घेतला आणि ज्यांच्याकडे मर्यादेपेक्षा जास्त रक्कम जमा झाली पण जीएसटी नंबर नाही, अशा हजारो लहान विक्रेत्यांना नोटिसा पाठवल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला चार वर्षांच्या १ कोटी ६३ लाखांच्या जमेवर २९ लाखांची नोटीस गेली. ताज्या भाजीवर जीएसटीच नाही, हे नोटीस काढणाऱ्याला माहीत नसेल असं नाही. पण मशीनने यादी काढली आणि यादीने नोटीस काढली. दुकानांवर 'नो यूपीआय, ओन्ली कॅश'च्या चिठ्ठ्या लागल्या, बंदची हाक दिली गेली, मग मुख्यमंत्र्यांनी बैठक घेऊन मागची वसुली करणार नाही, पण पुढे नोंदणी करा, असं सांगितलं. ही सवलत तिथल्या सरकारने तिथल्या लोकांना दिली. ती महाराष्ट्रात आपोआप मिळत नाही, हे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या व्हिडिओत कोणी सांगत नाही.

आता यातलं मर्म. कर यूपीआयवर नाही, विक्रीवर आहे. विक्री रोखीत झाली तरी ती विक्रीच. यूपीआयने इतकंच केलं की पूर्वी जी विक्री फक्त तुम्हाला आणि तुमच्या गल्ल्याला माहीत होती, ती आता तिसऱ्याच्याही कागदावर आली. बाबा म्हणतात तसा स्कॅनर काढला तरी गेल्या चार वर्षांचा कागद पुसला जात नाही. उलट महिन्याला दोन लाख येणारं खातं अचानक कोरडं पडलं, तर तेच नजरेत भरतं. आणि रोख तरी कुठे अदृश्य आहे? बचत खात्यात वर्षात १० लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली, चालू खात्यात ५० लाख किंवा जास्त भरली, की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. गल्ल्यातली रोख घरात ठेवणार किती? इतवारीच्या ठोक व्यापाऱ्याला द्यायची तर तोही हल्ली रोख मोजताना कपाळाला आठ्या घालतो, कारण एका दिवशी एकाकडून २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड.

एक गोष्ट बाबांच्या बाजूने सांगते, कारण ती खरी आहे. यूपीआय ठेवणं तुमच्यावर बंधनकारक नाही. ती सक्ती ५० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना आहे. उद्या तुम्ही स्कॅनर काढलात तर कायदा तुम्हाला काही म्हणणार नाही. गिऱ्हाईक म्हणेल. महालातलं पोट्टं आज खिशात दहाची नोट घेऊन निघत नाही.

आता तो फ्रीजर.

सगळ्यांना पाठ असतं: मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही, सेवेला २० लाखांपर्यंत. हे १ एप्रिल २०१९ पासून महाराष्ट्रात लागू आहे आणि बरोबर आहे. पण ४० ची मर्यादा देणारी जी अधिसूचना आहे, तिच्या पोटात अपवाद आहेत. जो फक्त माल विकतो, त्यालाच ४०. दुकानात झेरॉक्सचं मशीन ठेवलं, रिचार्जचं कमिशन घेतलं, कुरियरची पार्सलं ठेवून महिन्याला पैसे घेतले, की 'फक्त माल' राहत नाही आणि मर्यादा २० वर येते. दुसरा अपवाद मालाच्या यादीचा: आइस्क्रीम, पान मसाला, तंबाखू आणि तंबाखूचे पदार्थ, काही विटा. या वस्तू विकणाऱ्याला ४० ची सवलत नाही. फक्त बनवणाऱ्यालाच नाही असं नव्हे, विकणाऱ्यालाही नाही. तुमच्या फ्रीजरमधून दिवसाला दहा कोन जात असतील आणि काउंटरवरून सिगारेटची चार पाकिटं, पण त्यांच्यामुळे तुमची मर्यादा २० लाख होते, आणि ती तुम्ही मागच्याच वर्षी ओलांडली. कदाचित त्याआधीही.

हे वाचून पोटात गोळा आला असेल. येऊ द्या, पण पुढचं वाचा.

माझ्याकडे येणाऱ्या दहा किराणा दुकानदारांत सहा-सात जणांना हा अपवाद माहीत नसतो. नागपुरात तंबाखू न विकणारं किराणा दुकान शोधायचं म्हणजे उन्हाळ्यात गारवा शोधण्यासारखं आहे. कंपनीचा माणूस फ्रीजर फुकट ठेवून जातो, विजेचं बिल किती वाढेल हेसुद्धा धड सांगत नाही, मग मर्यादेचं काय सांगणार.

तर करायचं काय? नंबर घ्या. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. ते दिवस गेले, पण त्यासाठी थांबून राहू नका. अर्ज करतानाच कॉम्पोझिशन योजना निवडा. दीड कोटींपर्यंतच्या व्यापाऱ्याला ती घेता येते. आइस्क्रीम आणि तंबाखू बनवणाऱ्याला ती मिळत नाही, विकणाऱ्याला मिळते, म्हणजे इथे फ्रीजर आडवा येत नाही. व्यापाऱ्याला कर १ टक्का, तोही करपात्र मालाच्या विक्रीवर. सुटा तांदूळ, सुटी डाळ, सुटी कणीक, दूध, अंडी, मीठ यांवर कर नाही, त्यामुळे ती विक्री बाजूला निघते. मर्यादा मोजताना मात्र ती धरली जाते, इथे लोक फसतात. समजा तुमच्या ४२ लाखांतले १४ लाख असे बिनकराचे निघाले. उरले २८ लाख. त्याचा १ टक्का म्हणजे वर्षाला २८,०००. तिमाहीला ७,०००. तिमाहीचं एक साधं चलन-विवरण, वर्षाचं एक रिटर्न. व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० वेगळे. गिऱ्हाइकाकडून बिलावर कर घेता येत नाही, खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही, राज्याबाहेर माल विकता येत नाही, आणि दुकानाच्या पाटीवर तुम्ही कॉम्पोझिशनवाले आहात हे लिहावं लागतं. महालातल्या दुकानाला यातलं काहीच जड नाही. ते ७,००० मार्जिनमधून जातात, एवढंच जड आहे, आणि ते जड आहे हे मी मान्य करते.

आता दुसरी बाजू बघा. नंबर नसताना खात्याने पकडलं, तर कॉम्पोझिशनचा १ टक्का मागच्या तारखेने मिळत नाही. जो काय पूर्ण दर असेल तो लागतो, त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज, आणि नोंदणी न केल्याचा दंड १०,००० किंवा बुडालेला कर, यातलं जे जास्त ते. कर्नाटकातल्या नोटिसांचे आकडे एवढे फुगलेले दिसले ते म्हणूनच. वेळेवर नंबर घेतला असता तर त्यांतल्या अनेकांचा कर काही हजारांत संपला असता. मागच्या वर्षांचं तुमचं जे राहिलंय ते कसं मिटवायचं, हे तुमचे खरेदीचे कागद समोर ठेवूनच ठरवता येईल. ते असं दुरून सांगणं म्हणजे पेशंट न बघता गोळी देणं. पण स्वतःहून गेलेल्या माणसाशी आणि पकडलेल्या माणसाशी खातं वेगळं वागतं, एवढं २७ वर्षांच्या अनुभवावरून सांगते.

आयकराची भीती तर मला खरंच कळत नाही. दोन कोटींपर्यंतच्या धंद्याला अंदाजी नफ्याची सोय आहे: जुन्या कायद्यातलं ४४ एडी. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला, सोय राहिली. रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरायचा, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के. म्हणजे सरकार यूपीआयवाल्याला २ टक्क्यांची सूटच देतं. तुमचा हिशेब: २४ लाखांचे ६ टक्के म्हणजे १ लाख ४४ हजार. रोख १८ लाखांचे ८ टक्के, तेही १ लाख ४४ हजार. एकूण २ लाख ८८ हजार. खरा नफा त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायचा, ६ आणि ८ हे किमान आहेत. समजा खरा नफा १२ टक्के निघाला, तरी ५ लाख ४ हजार. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर आयकर शून्य. मग बाबा स्कॅनर काढून वाचवणार काय? रिटर्न भरायचं, शून्य कर दाखवायचा, आणि ती पावती फाईलला लावायची. पुढे बँकेत कर्ज मागायला गेलात की पहिली तीच मागतात. तीन वर्षांची रिटर्नं आणि एक स्वच्छ खातं असेल तर मुद्रा कर्जाची फाईल पुढे सरकते. गल्ल्यातल्या रोखीवर कोणी कर्ज देत नाही, देतो तो महिन्याला तीन टक्के लावतो.

स्वच्छ खातं म्हणाले, त्यावर जरा थांबते, कारण माझ्या मते खरं दुखणं इथे आहे.

दोन वर्षांपूर्वी एक पोहेवाले माझ्याकडे आले. सकाळी सहा ते अकरा तर्री-पोहे, ठेल्यावर एकच स्कॅनर, तो बायकोच्या बचत खात्याला जोडलेला. खात्यात वर्षात २६ लाख जमा. तयार पोहे विकणं सेवेत मोडतं, त्यामुळे मर्यादा २० लाख. गडी रडकुंडीला आलेला. "ताई, सव्वीस लाखाचे पोहे इकले असते तर मी इथं बसलो असतो का?" मी त्यांना बँकेचं स्टेटमेंट छापून आणायला लावलं. एक्केचाळीस पानं. मुलाच्या कंपासमधल्या तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन आम्ही दोघं तीन संध्याकाळी बसलो. हिरवी खूण पोह्यांची, निळी घरची, लाल ते विसरले त्याची. पहिल्याच पानावर दर महिन्याच्या पाच तारखेला बारा जणांचे पाच-पाच हजार. ती भिशी. बायको भिशी चालवायची, पैसे त्याच खात्यात यायचे आणि सहा तारखेला कोणाला तरी जायचे. वर्षाला ७ लाख २० हजार तिथेच निघाले. मग साळ्याने परत केलेले चाळीस हजार, गावची जमीन बटईने दिलेली त्याचे पैसे, शेजाऱ्याचा फोन बंद होता म्हणून त्याच्या वतीने घेतलेले अकराशे. पोह्यांच्या हिरव्या खुणा साडेसोळा लाखांवर थांबल्या. मर्यादेच्या आत. नोटीस आलीच असती, तर ती एक्केचाळीस पानं आणि बारा बायकांच्या सह्यांची भिशीची वही, एवढंच त्यांचं म्हणणं असतं. पण हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावर. कॉम्प्युटरला भिशी कळत नाही.

तुम्हीही हेच तपासा. तुमचे २४ लाख खरंच विक्रीचे आहेत का? बहिणीने पाठवलेले, मित्राला दिलेले परत आलेले, सोसायटीच्या गणपतीची वर्गणी? धंद्याचं खातं वेगळं काढा, चालू खातं असेल तर उत्तम, आणि दुकानातला स्कॅनर फक्त त्याला जोडा. घरचं त्यात येऊ देऊ नका, धंद्याचं घरात जाईल ते महिन्यातून एकदा ठरावीक रक्कम म्हणून जाऊ द्या. रोज रात्री वहीत तीन आकडे लिहा: रोख किती, यूपीआय किती, उधारीची वसुली किती. उधारीची वसुली वेगळी लिहायची, कारण ती विक्री आधीच धरलेली असते. दोनदा धरून लोक स्वतःच स्वतःची उलाढाल फुगवतात. वही साधी चालते. माझ्या एका अशिलाची आई तिसरी शिकलेली आहे, तिची वही माझ्या ऑफिसातल्या पोरांपेक्षा नीट असते.

खातं गोठण्याची भीती मात्र खरी आहे. इथे मी तुमच्या घरच्यांच्या बाजूने आहे. होतं असं: कुठेतरी कोणाची तरी ऑनलाइन फसवणूक होते, तो १९३० वर फोन करतो, पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले त्या सगळ्यांवर तक्रारीची खूण लागते. फसवणाऱ्याने तुमच्याकडून पावशेर शेव घेतली असेल तर साखळीचं टोक तुमच्यापर्यंत येतं. माझ्या एका झेरॉक्सवाल्याच्या खात्यात असे ३४० रुपये आले होते. बँकेने ३४० रुपयांवर नाही, अख्ख्या खात्यावर हात ठेवला. १ लाख १२ हजार अडकले. तक्रार दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याची. बँक म्हणे पोलिसांकडे जा, पोलीस फोन उचलत नाहीत. दुकानाच्या भाड्याचा चेक परत गेला, त्याचा दंड वर. पाच आठवड्यांनी सुटलं, तेही मेलवर मेल, बिलाची प्रत, आधार, दुकानाचा फोटो, गुमास्ता असं सगळं पाठवून. यात त्या माणसाचा दोष काय? केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच सांगितलं आहे की वादातली जेवढी रक्कम तेवढीच रोखा, पूर्ण खातं नाही. तरी बँका सोपा मार्ग धरतात, कारण पूर्ण खातं गोठवल्याबद्दल शाखेत कोणालाच जाब विचारला जात नाही. धोरणात सगळ्यात आधी दुरुस्त करायचं असेल तर हे करा, असं मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते.

तोवर तुमच्या हातात एवढंच: स्कॅनरचं खातं एका बँकेत, घरखर्चाचं दुसऱ्या बँकेत. गल्ला जसा रात्री दुकानात ठेवत नाही, तशी खात्यातलीही रक्कम दर दोन-चार दिवसांनी उचला आणि व्यापाऱ्यांचे पैसे त्यातूनच द्या. साखळी पुढच्या खात्यापर्यंतही जाऊ शकते, म्हणून ही काही कवचकुंडलं नाहीत, पण एका सकाळी घरातलं दूधसुद्धा अडलं असं होणार नाही. अनोळखी माणूस "दोन हजार पाठवतो, मला रोख द्या" म्हणाला तर सरळ नाही म्हणा. एटीएम बंद आहे, आई दवाखान्यात आहे, काहीही सांगितलं तरी. घाणेरडा पैसा दुकानदाराच्या खात्यात शिरतो तो बहुतेक याच दारातून. आणि गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा बोलला तरच माल द्या. डब्याचं महिन्याचं भाडं टोचतं खरं, पण संध्याकाळच्या गर्दीत तोच एक साक्षीदार असतो.

भाऊजींच्या चार्जबद्दल. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून कमिशन घ्यायला बंदी आहे. जून २०२५ मध्ये चार्ज लागणार अशी आवई उठली तेव्हा अर्थ मंत्रालयाने ती जाहीरपणे खोटी ठरवली. पण भाऊजी अगदीच हवेत बोलत नाहीत. वॉलेटमधून २,००० च्या वर पैसे आले तर दुकानदाराच्या बाजूला शुल्क लागू शकतं. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून कोणी पैसे दिले, तर लहान दुकानदाराला २,००० पर्यंत काही नाही, त्यावर कमिशन. जमा कमी का आली, असं कोडं पडलं तर आधी हे बघा.

आणि व्यापक प्रश्न विचारलात म्हणून माझं मत सांगते. फुकट काही नसतं. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त यूपीआय व्यवहार झाले. ही यंत्रणा चालवायला सर्व्हर लागतात, माणसं लागतात. सरकार त्यासाठी बँकांना पैसे देतं, २०२४-२५ साठी सुमारे १,५०० कोटींची योजना होती. पेमेंट कंपन्या मोठ्या व्यापाऱ्यांवर ०.३ टक्का मागत आहेत. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनीही २०२५ मध्ये बोलून दाखवलं की खर्च कोणीतरी उचलायलाच हवा. मला विचाराल तर सीताबर्डीवरच्या मॉलने आणि मोठ्या साखळी दुकानांनी तो उचलावा. कार्डावर ते आजही देतात, त्यांचं काही बुडत नाही. महालातल्या दुकानाला मात्र शून्यच ठेवावं, आणि ते कायद्यात लिहून ठेवावं, दरवर्षीच्या अनुदानाच्या भरवशावर नाही. नाहीतर एका अर्थसंकल्पात अनुदान आटेल आणि दुसऱ्या दिवशी डब्याचं भाडं वाढेल. कमिशनला बंदी आहे, भाड्याला नाही.

माझा राग खरा वेगळ्याच गोष्टीचा आहे. १४ एप्रिल २०१७ ला, बाबासाहेबांच्या जयंतीला, पंतप्रधानांनी अंगठा लावून पैसे देण्याचं भीम-आधार सुरू केलं ते आपल्याच नागपुरात. त्या दिवसांत डिजिटल पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला आणि घेणाऱ्या व्यापाऱ्याला लकी ड्रॉची बक्षिसं होती. वर्तमानपत्रात पानभर जाहिराती. तेव्हा किंवा नंतर कधी कोणी दुकानदाराला बसवून सांगितलं का, की बाबा रे, आता तुझी उलाढाल दिसणार आहे, मर्यादा एवढी आहे, आइस्क्रीम ठेवशील तर निम्मी आहे, आणि १ टक्क्याची सोय आहे? बक्षीस दाखवून बोलावलं, मधे आठ वर्षं गप्प राहिले, आणि मग शेजारच्या राज्यात नोटीस. ज्या खात्याकडे तुमचा चार वर्षांचा डेटा काढायची ताकद आहे, त्याच्याकडे तुमची उलाढाल १८ लाखांवर आल्यावर मराठीत एक साधा मेसेज पाठवायची ताकद नसावी? 'तुम्ही मर्यादेजवळ आलात, या तारखेपर्यंत नोंदणी करा.' एवढ्याने निम्म्या नोटिसा छापाव्याच लागल्या नसत्या.

रोखीबद्दलही माझं मत यूपीआयवाल्यांना आवडत नाही. रोख राहिली पाहिजे. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय अडकलं, शनिवार होता, बाजाराचा दिवस. आमच्या गल्लीत ज्याच्या गल्ल्यात सुटे होते त्याचाच माल खपला. कळमना बाजारातल्या हमालाला संध्याकाळी हातात पैसे लागतात, कारण त्याचा किराणावालाही त्याच संध्याकाळी घेतो. तुमच्या दुकानात कामाला मुलगा असेल तर त्याचा पगार मात्र खात्यावर द्या. पुढे कधी वाद झाला तर दोघांनाही पुरावा असतो. आणि तो रोखच मागत असेल तर महिन्याच्या पानावर त्याची सही घ्या.

बाबांना हे सगळं एका दमात सांगू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण सगळी पिडा मारबतीच्या पुतळ्याच्या डोक्यावर घालून गावाबाहेर धाडतो, तसं त्यांना स्कॅनरच्या बाबतीत करावंसं वाटतंय. आधी २ लाख ८८ हजारांचा हिशेब त्यांच्यासमोर कागदावर मांडा. आयकर शून्य येतो हे त्यांच्या डोळ्यांनी दिसू द्या. मग तिमाहीच्या ७,००० वर या. त्यांनी चिडून फ्रीजरच उचलून न्या म्हटलं, तर तोही एक पर्याय आहे, पण आता उशीर झालाय. यंदा तुम्ही तसेही ४० च्या वर चाललात.

ज्या सल्लागाराकडे जाल त्याच्याकडे जाताना सगळ्या खात्यांची चार वर्षांची स्टेटमेंटं, ठोक व्यापाऱ्यांची खरेदीची बिलं, आणि आइस्क्रीमचा फ्रीजर दुकानात आला त्या दिवसाचं डिलिव्हरी चलन, एवढं न्या. चलन सापडलं नाही तर कंपनीच्या माणसाकडून त्याची प्रत मागा, त्याच्याकडे असतेच. वाटेत सिगारेटच्या खरेदीची बिलंही वेगळी लावून ठेवा. आणि माझ्याकडेच यायचं असेल तर मारबतीचा दिवस सोडून या, त्या दिवशी इतवारीत पाय ठेवायला जागा नसते आणि माझंही ऑफिस बंद असतं.